दामाजींची पावती आणि सरकारजमा शिवार

आषाढीच्या वाटेवर शेगावहून निघालेली श्रीगजानन महाराजांची पालखी धाराशिव, तुळजापूर करत सोलापूरकडे उतरते. तुळजापूर आणि सोलापूर यांच्या साधारण मध्यावर तामलवाडी लागते. आता तिथे मोठा हमरस्ता आहे, टोलनाका आहे, आणि गाड्यांच्या रांगांना वळसा घालून पताका पुढे सरकतात. थोडे पुढे गेले की धाराशिव जिल्हा संपतो आणि उळ्याकडे सोलापूर जिल्हा सुरू होतो. टाळ वाजवत चालणाऱ्याला हे कळतही नाही. पण सप्टेंबर १९४८ पर्यंत ही दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजांचे. अलीकडे हाली रुपया, पलीकडे कलदार. माल हद्द ओलांडू लागला की करोडगिरी भरावी लागे. पंढरीला जाणारा वारकरी मात्र तेव्हाही याच वाटेने जात होता, आणि ज्या शेतांमधून जात होता त्या शेतांचा सारा कुणाच्या खजिन्यात जातो, याचा विचार तो तेव्हाही फारसा करत नसावा. निदान मी तरी केला नव्हता.

गेल्या आषाढीत या टप्प्यात पायाला फोड आला म्हणून मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसलो होतो. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक माळकरी बाबा येऊन टेकले. आमच्याच दिंडीतले, पण बोलणे कधी झाले नव्हते. मी कीर्तन करतो हे त्यांना ठाऊक होते. थोडा वेळ पायांच्या, पावसाच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला आणि म्हणाले, "महाराज, तुम्ही शिकलेले. हितं काय लिव्हलंय, जरा वाचून सांगा की."

सातबाराचा उतारा होता. काय लिहिले आहे ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते, हे नंतर कळले. वरच्या नावाला कंस केला होता. ते त्यांच्या वडिलांचे नाव. कंसाखाली लिहिले होते 'महाराष्ट्र शासन', आणि इतर हक्कांच्या रकान्यात एक शब्द होता, 'आकारीपड'.

वडिलांनी विहिरीसाठी तगाई काढली होती. विहिरीला काळा पाषाण लागला. त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. हप्ते थकले, नोटीस आली, पुढे जमिनीचा लिलाव पुकारला गेला. त्या दिवशी गावातल्या एकानेही बोली बोलली नाही. भावकीने, शेजाऱ्यांनी, अगदी ज्यांच्याशी बांधावरून भांडण होते त्यांनीही तोंड उघडले नाही. गावाने लाज राखली. पण गिऱ्हाईक नाही म्हणून जमीन सरकारजमा झाली. "कुणी गावातल्यानं घेतली असती तर पाया पडून, राबून परत मागता आली असती," बाबा म्हणाले. "सरकारच्या पाया कुठं पडायचं?" पुढे काही वर्षे तीच जमीन त्यांनी एकसाली पट्ट्याने कसली. नंतर पट्टाही मिळेना. पेरणी थांबली नाही, पण कागदावर ते स्वतःच्या बापाच्या शेतात अतिक्रमण करणारे ठरले.

मग त्यांनी खरे विचारायचे ते विचारले. "तुम्ही कीर्तनात दामाजीपंत सांगता. देवानं पंतांची पावती आणून ठेवली. माझ्या बापाला दोन सालांची मुदत जरी कुणी दिली असती, तरी भागलं असतं. ते कुणाच्या पोथीत नाही का?"

मला उत्तर देता आले नाही. पालखी पुढे निघाली होती, मीही उठलो. पण सोलापूर, तिऱ्हे, माचणूर करत दामाजींच्या मंगळवेढ्यापर्यंत तोच विचार सोबत होता, आणि वारीहून परतल्यावर जे वाचले, विचारले, पडताळले ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

दामाजींची कथा आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. मंगळवेढे तेव्हा बीदरच्या बहामनी राज्यात होते. पंधराव्या शतकात मोठा दुष्काळ पडला. जुन्या सरकारी गॅझेटियरातही १४६० चा 'दामाजीपंतांचा दुष्काळ' म्हणून त्याचा उल्लेख आहे. वसूल झालेले सरकारी धान्य कोठारांत भरलेले होते आणि दारात माणसे मरत होती. पंतांनी कोठारे उघडली. बातमी बीदरला गेली, पंतांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. वाटेत पंतांनी पंढरीचे दर्शन घेतले. इकडे पांडुरंग विठू महार होऊन, काठी-घोंगडी घेऊन बीदरच्या दरबारात गेला, धान्याचे पैसे मोजून दिले, भरल्याची पावती घेतली आणि ती पंतांच्या गीतेच्या पोथीत ठेवली.

कीर्तनात आम्ही ही कथा रंगवतो तेव्हा भर असतो तो देवाच्या रूपावर, न संपणाऱ्या थैलीवर, बादशहाच्या आश्चर्यावर. श्रोतेही तिथेच डोळे पुसतात. पावतीपाशी आम्ही फार थांबत नाही. पण कथा नीट पाहिली तर सबंध प्रसंग महसुलाच्या कामकाजाप्रमाणे चालतो. थकबाकी आहे, वरिष्ठांकडे गेलेली तक्रार आहे, हुकूम आहे, हुकूम घेऊन आलेले शिपाई आहेत, भरणा आहे, आणि भरण्याची पावती आहे. देवाने मनात आणले असते तर बादशहाची बुद्धी पालटली असती, दप्तर जळाले असते, शिपाई वाट चुकले असते. तसे काही केले नाही. त्याने रक्कम भरली आणि पावती घेतली. तीही कुठेतरी नव्हे, पंतांच्या हाताला रोज लागणाऱ्या पोथीत ठेवली.

ही कथा भक्तविजयात विस्ताराने लिहिणारे महिपतीबुवा ताहराबादचे, आणि घराण्याने कुलकर्णी. कुलकर्ण म्हणजे गावच्या जमाखर्चाचे, साऱ्याच्या नोंदीचे काम. परंपरा अशी सांगते की, देवपूजेत असताना सरकारी कामाला बोलावण्यासाठी आलेल्या शिपायाने तगादा लावला, तेव्हा महिपतींनी ते काम सोडले आणि यापुढे लेखणी चालवायची ती फक्त संतांसाठी, असे ठरवले. १७६२ मध्ये भक्तविजय पूर्ण झाला. थकबाकीदाराच्या दारात शिपाई येऊन बसतो म्हणजे काय होते, आणि पावती नसलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे त्यांना ऐकून नव्हे तर दप्तरात बसून माहीत होते.

आणखी एक गोष्ट मला या निमित्ताने प्रथमच लक्षात आली. देवाने नेमके महाराचेच रूप का घेतले? आम्ही सांगतो की, देवाला लहानपण आवडते. ते खरेच आहे. पण गावगाड्यात महारांकडे जी कामे होती, त्यांत वसूल झालेला सारा तालुक्याच्या खजिन्यात पोचवणे हे एक काम होते. थैली घेऊन बीदरला जायला गावातून जो माणूस निघाला असता, तोच हा. दरबारात त्याला कुणी विचारले नसते की तू कोण, कशाला आलास. ज्याच्या हाती गाव आपला सारा निर्धास्त देत होता, त्याला मंदिराच्या दारात मात्र थांबावे लागत होते. याच मंगळवेढ्याच्या चोखोबांची गोष्ट वेगळी सांगायला नको. पंढरपूरचे दार सर्वांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. हे थोडे विषयांतर झाले. पण दामाजींच्या कथेत हा हिशेबही राहिलेला आहे, एवढे नोंदवून पुढे जातो.

आता जमिनीकडे येऊ. दामाजींवर बालंट आले ते अधिकारी म्हणून. कुणब्याची गोष्ट वेगळी. त्याने सारा भरला नाही तर त्याची जमीन जात होती का?

आपल्याकडे जुन्या काळी दोन तऱ्हेचे कसणारे होते, मिरासदार आणि उपरी. उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा. आज आहे, उद्या नाही. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित, वंशपरंपरेची. सारा त्यालाही चुकत नसे, उलट त्याच्याकडून तो अधिक कसून घेतला जाई. पण दुष्काळाने, जुलमाने किंवा कर्जाने तो गाव सोडून गेला तरी त्याची मिरास बुडाली असे गाव मानत नसे. पाटील ती जमीन दुसऱ्याला कसायला देई. पुढे कित्येक वर्षांनी मिरासदार किंवा त्याचा मुलगा परत आला आणि देणे भागवायला तयार झाला, तर जमीन त्याच्याकडे परत येई. पेशवाईनंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी दख्खनची चौकशी केली तेव्हा, तीस-चाळीस वर्षांनी परतलेल्याचाही हक्क गाव मान्य करते, हे पाहून त्यांना नवल वाटले होते. संतांच्या अभंगांत मिरासी हा शब्द का भेटतो, देवाच्या पायांशी मिरास का मागितली जाते, ते यावरून समजते. जी जागा आपण दूर गेलो तरी आपलीच राहते, ती मिरास.

त्या काळात सगळे गोड होते असे मी म्हणत नाही. साऱ्यासाठी उन्हात उभे करणे, पाठीवर दगड देणे हे प्रकार होतेच. पण चांगल्या राज्यकर्त्याची खूण म्हणून जे सांगितले जाई, ते सवलतीपेक्षा मुदतीविषयी असे. शिवछत्रपतींनी १६७६ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. ज्याच्याजवळ बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे द्यावे, पोटाला धान्य द्यावे, आणि दिलेले पुढे वाढीदिडीशिवाय, फक्त मुद्दल, त्याला झेपेल तसे हळूहळू घ्यावे, असा त्यातला आशय आहे. तगाईचा मूळ विचार हाच. लिंबाखाली भेटलेल्या बाबांच्या वडिलांनी काढलेली तगाई या विचाराची वारस होती. वसुली मात्र वेगळ्या शाळेत शिकून आली होती.

ती शाळा इंग्रजांची. १८१८ नंतर त्यांनी दख्खनमध्ये प्रत्येक शेताची मोजणी करून आकार ठरवायला घेतला. पहिला मोठा प्रयोग प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याचा. इंदापूरकडे तो लागू झाला आणि थोड्याच वर्षांत फसला, कारण आकार फार चढा होता आणि वसुली निर्दय होती. पुढे सरकारच्याच अहवालात लिहिले गेले की, लोकांचा छळ झाला आणि कितीतरी माणसे घरेदारे टाकून शेजारच्या संस्थानांत पळून गेली. सोलापूरकडच्या माणसाला शेजारचे राज्य म्हणजे निजामाचे. तामलवाडीच्या या हद्दीकडे मी आता त्या नजरेने पाहतो. ही हद्द थकबाकीदाराची पळवाटही होती. अर्थात निजामाकडेही सुख नव्हते. त्या काळी तिकडे महसूल इजाऱ्याने दिला जाई. जो जास्त बोली लावेल त्याला तालुका, आणि मग त्याने रयतेकडून काढून घ्यावे.

प्रिंगलच्या अपयशानंतर १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत बसवली. आकार कमी केला, तो तीस वर्षांसाठी कायम केला, आणि जमीन कसणाऱ्याच्या नावावर लावून दिली. ती त्याला विकता येईल, गहाण टाकता येईल. हा मोठा हक्क होता, शेतकऱ्यांनी त्याचे स्वागतही केले. पण जी वस्तू विकता येते ती विकवताही येते. जमिनीला बाजारात मोल आल्याबरोबर थकबाकीसाठी तिचा लिलाव करणे सोपे झाले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने हे पक्के केले. सारा थकला की कब्जेदाराचा हक्क सरकारजमा होऊ शकतो. मिरासदाराचे पुन्हा परतून येणे या कायद्यात बसत नव्हते.

साऱ्याच्या हप्त्याची तारीख ठरलेली, पावसाची नाही. हप्ता आला की शेतकरी सावकाराकडे धावे, सावकार कागद लिहून घेई. १८७५ मध्ये पुणे आणि नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांचे खतकागद जाळले, ते आपण शाळेत वाचलेले असते. त्या कर्जांत सरकारी साऱ्यापायी काढलेली कर्जे पुष्कळ होती. तुकोबारायांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. ती त्यांची होती म्हणून त्यांना सोडता आली. सरकारी दप्तर इंद्रायणीत कोण सोडणार? लगेच पुढे १८७६ चा दुष्काळ आला. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगाव माणसे पाठवून सोलापूर, विजापूरकडच्या हालाची माहिती गोळा केली आणि सरकारपुढे ठेवली. वीस वर्षांनी, १८९६ च्या दुष्काळात, टिळकांनी केसरीतून सांगितले की, पीक नसेल तर कर्ज काढून किंवा चीजवस्तू विकून सारा भरू नका. दुष्काळाचे जे नियम सरकारने स्वतः केले आहेत त्याप्रमाणे सूट आणि तहकुबी मागा.

सूट आणि तहकुबी हे दोन शब्द महत्त्वाचे. सूट म्हणजे माफी, तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे, म्हणजेच मुदत. दोन्ही कायद्यात होते, आजही आहेत. प्रश्न एवढाच की ते वेळेवर मिळत होते का.

१८९९-१९०० चा दुष्काळ त्याहून भीषण होता. थकबाकीचे डोंगर झाले, सरकारजमा जमिनी वाढल्या. त्या घेऊन सरकारलाही काही करता येईना. तेव्हा १९०१ मध्ये मुंबई सरकारने कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्याने जप्त झालेल्या जमिनी शेतकऱ्याला परत द्यायच्या, पण परवानगीशिवाय विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क काढून घेऊन. सरकारचे म्हणणे असे की, त्यामुळे जमीन सावकाराच्या घशात जाणार नाही. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचे म्हणणे असे की, यामुळे शेतकरी मालकाचा कूळ होईल आणि सरकार जमीनदार. लोकांचे मत घ्या, घाई करू नका, ही त्यांची विनंती फेटाळली गेली, तेव्हा ऑगस्ट १९०१ मध्ये मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी कायदेमंडळाच्या सभेतून उठून बाहेर गेले. आज सभात्याग रोजचा झाला आहे. त्या वेळी ती अघटित गोष्ट होती, आणि ती घडली जप्त झालेल्या शेतांवरून. सातबारावर आपण 'नवीन शर्त' हे शब्द वाचतो, त्याची मुळे या कायद्यात आहेत. सरकारच्या हेतूत काहीच तथ्य नव्हते असे मला वाटत नाही; सावकार खरेच टपलेले होते. पण आधी मुदत दिली असती तर जप्तीच करावी लागली नसती, हे त्या चर्चेत कुणी सरकारी माणसाने म्हटले असेल तर ते माझ्या वाचनात आले नाही.

हद्दीच्या अलीकडची गोष्ट थोडक्यात सांगतो. हा सगळा मुलूख आधी नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी तो इंग्रजांना तोडून दिला आणि १८६० मध्ये तो परत मिळाला. म्हणजे एक अख्खा जिल्हाच थकबाकीत गेला आणि सुटला, असे म्हणायला हरकत नाही. त्या मधल्या काळात मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गला होता. त्याने आपल्या आठवणींत इथल्या मोजणीविषयी लिहिले आहे. पुढे सालारजंगांनी इजारे मोडले, जिल्हे-तालुके नीट बसवले, मुंबईच्या धर्तीवर मोजणी झाली, पट्टेदाराचे नाव लागले. १३१७ फसलीत, म्हणजे १९०७-०८ च्या सुमारास, हैदराबादचा जमीन महसूल कायदा झाला. त्यातही थकबाकीसाठी जमीन विकण्याची तरतूद होती. पळून जायला आता हद्दीचा उपयोग राहिला नाही. दोन्हीकडे कायदा सारखाच झाला होता.

१९४८ ला हैदराबाद मुक्त झाले, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून सगळीकडे एकच लागू झाला. तो मी तलाठी असलेल्या एका वारकरी मित्राकडून समजून घेतला. थकबाकी झाली की मागणीची नोटीस. थकबाकीवर चौथाईपर्यंत दंड. मग जंगम मालाची जप्ती, किंवा जमिनीची. लिलावापूर्वी जाहीरनामा लावायचा, दवंडी द्यायची, आणि तीस दिवस थांबायचे. लिलाव झाल्यावरही तीस दिवसांत थकबाकी आणि घेणाऱ्याला पाच टक्के जादा भरले तर विक्री रद्द होऊ शकते. आणि कुणीच बोली लावली नाही, किंवा बोली फार कमी आली, तर कलम २२० प्रमाणे एक रुपयासारख्या नाममात्र बोलीवर जमीन सरकारच घेते. बाबांच्या गावाने तोंड बंद ठेवले, त्याचा निकाल या कलमात लिहिलेला होता.

आकारी पड हा शब्द मूळचा गावच्या हिशेबातला. जिचा आकार ठरलेला आहे पण जी कुणी कसत नाही, पडून आहे, ती आकारी पड. पुढे सरकारजमा जमिनींनाही तेच नाव चिकटले. कागदावर पड, आणि शेतात तुरीचे पीक उभे, असे त्यामुळे घडते. शेतसाऱ्याची रक्कम आता इतकी किरकोळ आहे की केवळ त्यापायी जमीन जाण्याचे दिवस राहिले नाहीत. पण तगाई, बांधबंदिस्तीचे पैसे, अशी इतर सरकारी देणीही जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतात, आणि आकारीपडीच्या पुष्कळ जमिनी अशा देण्यांतून गेल्या.

कायद्यात एक दार होते. सरकारजमा झाल्यापासून बारा वर्षांच्या आत मूळ खातेदाराने थकबाकी, व्याज आणि दंड भरला तर जमीन परत मिळत असे. तेराव्या वर्षी दार बंद. बारा वर्षे ऐकायला पुष्कळ वाटतात. पण ज्याची जमीन गेली तो ऊसतोडीला, सोलापूरच्या गिरणीला किंवा मुंबईला गेलेला असतो. मुले लहान असतात. आणि मुदत चालू आहे हे त्याला सांगायला कुणी येत नाही. नोटीस घेऊन येणारा माणूस हे सांगायला येत नाही. मिरासदाराचा मुलगा तीस वर्षांनी परत येऊ शकत होता, आमच्या बाबांना बारा वर्षांनंतर येता आले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कलम २२० मध्ये दुरुस्ती करायचे ठरवले. बारा वर्षे उलटून गेलेल्या आकारीपड जमिनीही मूळ खातेदारांना किंवा त्यांच्या वारसांना बाजारमूल्याच्या पाच टक्के रक्कम घेऊन परत द्यायच्या. राज्यभरात अशी सुमारे ४,८४९ एकर जमीन आहे, असे तेव्हा सांगितले गेले. परत मिळालेली जमीन काही वर्षे विकता येणार नाही, अशी अट आहे. ही अट वाचताना मला १९०१ आठवले, पण या वेळी कुणी सभात्याग केला नाही आणि करण्याचे कारणही नव्हते. पाच टक्के ही रक्कम एखाद्याला थोडी वाटेल. रस्त्यालगतच्या जमिनींचे सरकारी दर आता काय झाले आहेत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तेवढी थोडी वाटणार नाही. तरीही बंद झालेले दार उघडले, हे मान्य केले पाहिजे.

हे सगळे मला नंतर कळले. मंगळवेढ्यात पोचलो तेव्हा यातली फक्त शेवटची बातमी, तीही अर्धवट, माहीत होती. पालखी विसावल्यावर दामाजींच्या मंदिरात गर्दी झाली. बाबा तिथे भेटले. दर्शन घेऊन ओट्यावर बसले होते, पायाला तेल चोळत.

"बाबा, तुमच्या जमिनीचं काहीतरी निघालंय म्हणतात सरकारनं," मी म्हणालो.

"निघालंय," ते म्हणाले. "पोरगं सांगत होतं. पाच टक्के. पण आधी वारसाची नोंद पाहिजे. आम्ही तिघं भाऊ. एक पुण्याला, एक वारला. वारलेल्याच्या पोरांची सही आणायची, ती बोलत नाहीत आमच्याशी."

"मग?"

"मग काय. द्वादशी सोडली की जायचं त्यांच्या दारात. बापाच्या नावाचा कंस निघतोय म्हणल्यावर येतील." थोडे थांबून म्हणाले, "महाराज, कागद काय काय लागतील, एवढं लिहून द्या. आमचं पोरगं घाईघाईनं सांगतं, ध्यानात राहत नाही."

मी माझ्या मित्राला तिथूनच फोन लावला आणि तो सांगेल तसे लिहून घेतले: चालू सातबारा, जुना सातबारा, सरकारजमा झाल्याचा फेरफार, लिलावाच्या आदेशाची नक्कल, वडिलांचा मृत्यूदाखला, वारसांची नावे. जुनी नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळेल, हेही लिहिले. बाबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचून घेतली, आणि सातबाराच्या प्लॅस्टिकमध्ये न ठेवता कमरेच्या पिशवीतले हरिपाठाचे पुस्तक काढून त्याच्या पानांत घातली. बाहेर चोपदारांनी हाक दिली होती. आम्ही दोघेही उठलो.